ज्ञानदेवचा राष्ट्राध्यक्ष

विमानतळाच्या टॉवरमधले लोक माझ्या नवऱ्याला डेव्ह म्हणायचे. ज्ञानदेव हे नाव त्यांच्या तोंडात बसत नव्हतं, म्हणून त्यांनी पुढचं टाकून दिलं आणि शेपूट ठेवलं. लग्न होऊन नागपूरहून आले तेव्हा मी 'अहो' म्हणत होते. पण मी अहो म्हणतेय आणि अख्खं टेक्सास त्याला डेव्ह म्हणतंय, हे माझं मलाच चमत्कारिक वाटायला लागलं. मग मीही नावाने हाक मारायला लागले. पूर्ण नावाने.

तो एअर ट्रॅफिक कंट्रोलर होता. कुठलं विमान किती उंचीवर थांबायचं, कुठलं आधी उतरायचं, हे पायलटला बोलून सांगायचं काम. नागपूरच्या इंदोऱ्यातला, कापडगिरणीतल्या कामगाराचा मुलगा. बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्या दिवशी अकरा वर्षांचा होता आणि बापाचा हात धरून मैदानावर उभा होता. पुढे स्कॉलरशिपवर शिकला, शिकायलाच ओक्लाहोमाला आला, ग्रीन कार्ड मिळालं आणि त्यापाठोपाठ व्हिएतनामसाठी सैन्यात भरतीचं बोलावणंही आलं. त्याने स्वतःहून एअर फोर्स निवडलं. तिथे त्याला टॉवरचं काम शिकवलं, त्यातूनच नागरिकत्व मिळालं आणि नंतर डॅलसच्या विमानतळावर सरकारी नोकरी लागली.

एअर फोर्सच्या तळावर एक टीव्हीची खोली होती. तिथे दुपारी जुने काळे-पांढरे सिनेमे लागायचे. ज्ञानदेवचं इंग्रजी पुस्तकी होतं, ते बोलीचं व्हावं म्हणून तो तिथे जाऊन बसायचा. त्यातल्या बऱ्याच सिनेमांत एक उंच, देखणा, हसऱ्या चेहऱ्याचा नट असायचा. मोठा नट नव्हे, बहुतेक वेळा हिरोचा मित्र. शेजारी बसलेल्या कुणीतरी सांगितलं, हा आता कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर आहे. ज्ञानदेवला खरंच वाटेना. सिनेमातला माणूस गव्हर्नर? त्याने लायब्ररीत जाऊन शोधलं, वाचलं, आणि तेव्हापासून रोनाल्ड रेगन हा माणूस आमच्या घरात राहायला आला.

माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षी मला स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता त्याचं सगळं चरित्र ऐकायला मिळालं. बाप बुटांच्या दुकानात विक्री करायचा आणि दारू प्यायचा. एकदा हिवाळ्यात पोराला बाप दाराबाहेर बर्फात नशेत पडलेला सापडला आणि त्या पोराने त्याला ओढत आत आणलं. ज्ञानदेव इथवर आला की चिरलेली भाजी उगाच ताटलीत सारखी करायचा. त्याचा स्वतःचा बाप गिरणीतून सुटल्यावर कुठे जायचा ते मला माझ्या सासूकडून कळलेलं होतं. मग तो पुढे सांगायचा. पोरगा नदीवर जीवरक्षक झाला, सत्त्याहत्तर माणसं वाचवली. मग रेडिओवर बेसबॉलचं वर्णन करायला लागला. मग सिनेमात गेला. आणि मग ज्ञानदेवचा सगळ्यात आवडता भाग यायचा.

"युनियनचा अध्यक्ष झाला कमला! नटांच्या युनियनचा. स्टुडिओवाल्यांच्या विरुद्ध संप केला त्याने."

"मग आता श्रीमंतांच्या पार्टीत कशाला गेलाय?" मी विचारायचे.

"ते राजकारण झालं. माणूस आतून बदलत नाही."

मला तेव्हा हसू यायचं. एकेकाला एकेक नाद असतो. कुणी तिकिटं जमवतं, कुणी अंगणात गुलाब लावतं. माझ्या नवऱ्याने एक माणूस जमवला होता.

*

ऐंशी साली रेगन राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला तेव्हा कंट्रोलर लोकांची अवस्था वाईट होती. माणसं कमी, विमानं जास्त, कॉम्प्युटर जुने. रडारचा पडदा मध्येच बंद पडायचा आणि तेवढा वेळ आकाशातली सगळी विमानं डोक्यात धरून ठेवावी लागायची. ज्ञानदेव घरी आला की तासभर कुणाशी बोलायचा नाही. आमची दीपा आठ वर्षांची होती, तिलाही कळलं होतं की डॅड आले की आधी टीव्ही बंद करायचा. कंट्रोलरांच्या युनियनने बरीच वर्षं मागण्या केल्या होत्या. आधीच्या सरकारने काही दिलं नव्हतं. आणि मग रेगनने युनियनला लिहून कळवलं, मी निवडून आलो तर तुमच्या बाजूने उभा राहीन, तुम्हाला माणसं देईन, नवी यंत्रं देईन.

युनियनच्या वरच्या बोर्डाने त्याला पाठिंबा द्यायचं ठरवलं. खाली मात्र कुरकूर होती. आमच्याकडच्या मंडळींची मीटिंग एका चर्चच्या हॉलमध्ये झाली. बायकांनाही बोलावलं होतं, म्हणून मी होते. वेन टकर नावाचा ज्ञानदेवचा जोडीदार होता, त्याच्याच शेजारच्या खुर्चीवर बसणारा, वेस्ट टेक्सासचा, कमी बोलणारा. तीन लहान मुलं होती त्याला. तो उभा राहून म्हणाला, "हा माणूस मालकांचा आहे. शिवाय नट आहे. जे लिहून दिलं ते नीट वाचून दाखवेल, एवढंच."

लोक हसले. ज्ञानदेव उठला. इतक्या माणसांसमोर इंग्रजीत बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. पण त्याने तीच गोष्ट सांगितली जी मी भाजी चिरताना ऐकत आले होते. बर्फात पडलेला बाप. नदी. रेडिओ. युनियन. शेवटी म्हणाला, "या देशाच्या इतिहासात पहिल्यांदा युनियनचा अध्यक्ष राहिलेला माणूस राष्ट्राध्यक्ष होणार आहे. संप म्हणजे काय ते त्याला पुस्तकातून शिकावं लागणार नाही. मी दुसऱ्या देशातून आलोय. माझा बाप गिरणीत होता. युनियनचा माणूस कसा असतो ते मला माहीत आहे. माझा शब्द घ्या."

टाळ्या पडल्या. वेन टकरने टाळ्या वाजवल्या नाहीत, पण निघताना ज्ञानदेवच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ठीक आहे, डेव्ह. तुझ्या शब्दावर."

नोव्हेंबरात रेगन निवडून आला. मार्चमध्ये त्याच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हा ज्ञानदेव टीव्हीसमोर बसून अक्षरशः रडला. ऑपरेशनच्या आधी रेगनने डॉक्टरांची थट्टा केली, तुम्ही सगळे माझ्याच पक्षाचे, रिपब्लिकन ना म्हणून, हे त्याने येईल त्याला सांगितलं. दीपाने रेगनला 'गेट वेल'चं कार्ड करून पाठवलं. त्यावर ज्ञानदेवने विमानाचं चित्र काढलं होतं.

*

ऑगस्टमध्ये संप झाला. बोलणी फिसकटली होती. सरकारी नोकराने संप करायचा नाही अशी शपथ प्रत्येकाने घेतलेली होती आणि ज्ञानदेवला ती चांगली ठाऊक होती. त्याला वाटत होतं, एकदोन दिवस ताणलं जाईल आणि मग तो माणूस टेबलावर येईल. स्वतः संप केलेला माणूस आहे, टेबलावर केव्हा यायचं ते त्याला कळेल.

सकाळी आम्ही सगळे त्याच हॉलमध्ये जमलो होतो. कुणी कॉफीचे थर्मास आणले होते, कुणी डोनट. मी बटाटेवडे केले होते आणि वेनच्या मुलांना ते इतके आवडले की त्यांनी टोपली रिकामी केली. पोरं पळापळ करत होती. जत्रेसारखं वाटत होतं. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, टीव्हीवर प्रेसिडेंट आलाय.

तो बागेत उभा होता, पुढे माइक. चेहरा नेहमीसारखा हसरा नव्हता. तो म्हणाला, मीही माझ्या युनियनचा अध्यक्ष होतो, त्या युनियनचा पहिला संप मीच केला होता. ज्ञानदेवने माझा हात दाबला. त्याला वाटलं, आलं, आता आलं. आणि मग रेगन म्हणाला, सरकारविरुद्ध संप करता येत नाही. अठ्ठेचाळीस तासांत जे कामावर येणार नाहीत त्यांनी नोकरी गमावली असं समजावं.

हॉलमध्ये एक लहान मूल टेबलाखाली काहीतरी आपटत होतं तेवढाच आवाज. ज्ञानदेवचा हात माझ्या हातात होता, तो त्याने हळूच काढून घेतला. मग सगळ्यांनी टीव्हीकडून मान वळवून त्याच्याकडे बघितलं. सगळ्यांनी नसेल. मला तसं वाटलं.

घरी आल्यावर मी म्हटलं, "परत जा."

तो बूट काढत होता.

"ज्ञानदेव, ऐकतोस का? उद्या सकाळी परत जा. काहीजण जाणार आहेत. कुणी नावं ठेवणार नाही."

"मी नाही जाऊ शकत."

"का? शपथ होती ना? मग पाळ आता. दीपा आहे, घराचे हप्ते आहेत. हॉस्पिटलच्या लॅबमधल्या माझ्या पगारावर हे घर उभं राहणार आहे का?"

"त्या हॉलमध्ये मी उभा राहिलो होतो, कमला. हा माणूस आपला आहे असं मी सांगितलं. आता मीच आत जाऊन बसू आणि वेनला बाहेर ठेवू?"

रागाच्या भरात मी म्हटलं, "मग वेनलाही आत घेऊन जा." तो म्हणाला, "वेन म्हणतो, तू जाशील तर मी जाईन. पण त्याच्या आधी मी आत कसा जाऊ?"

म्हणजे दोघं एकमेकांसाठी बाहेर थांबले. मुदत संपली. साधारण अकरा हजार माणसं एका झटक्यात कामावरून गेली, आणि त्यात माझा नवरा आणि वेन टकर होते. पुन्हा टॉवरमध्ये पाय ठेवायला बंदी झाली. तीही कायमची.

*

घर विकून आम्ही एका अपार्टमेंटमध्ये आलो. मी लॅबमध्ये डबल शिफ्ट घ्यायला लागले. ज्ञानदेवला हार्डवेअरच्या दुकानात रंग विकायची नोकरी मिळाली. दुसरीकडे अर्ज केला की विचारायचे, आधी काय करत होतास? कंट्रोलर म्हटलं की समोरच्याचा चेहरा बंद व्हायचा. टेक्सासात तेव्हा रेगनला देव मानायचे. देवाने ज्याला हाकललं त्याला कोण ठेवून घेणार?

त्याच डिसेंबरात पोलंडमध्ये लष्करी राजवट आली. तिथल्या कामगारांच्या युनियनवर बंदी आली, माणसं तुरुंगात गेली. ख्रिसमसच्या आधी रेगनने टीव्हीवरून सांगितलं की पोलंडच्या लोकांसाठी प्रत्येक अमेरिकनाने खिडकीत एक मेणबत्ती लावावी. आमच्या अपार्टमेंटच्या समोरच्या रांगेत सगळ्या खिडक्यांत मेणबत्त्या लागल्या.

दीपा धावत आली. "डॅड, कॅन वी डू इट टू? इट्स फॉर द वर्कर्स. दे वॉन्ट अ युनियन अँड दे आर इन जेल."

मी ज्ञानदेवकडे बघितलं. मला वाटलं, आता हा हसेल. कडू हसेल, शिवी देईल, काहीतरी करेल. मी वाट बघत होते. तो उठला, ड्रॉवर उघडला, दीपाच्या वाढदिवसाची उरलेली मेणबत्ती काढली, बशीत चिकटवली आणि खिडकीत लावली.

दीपा झोपायला गेल्यावर मी ती फुंकून टाकली.

"कशाला विझवलीस?" त्याने विचारलं.

"पोलंडची माणसं तुझ्या मेणबत्तीवाचून अडली नाहीत."

"तो पोलंडच्या कामगारांबद्दल बोलला ते चांगलंच केलं ना?"

मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

गुढीपाडव्याला आम्हाला जवळच प्लेनोला चारुदत्त आणि प्रतिमाकडे बोलावणं होतं. चारुदत्त पुण्याचा इंजिनियर, एका मोठ्या कंपनीत होता, नवं घर घेतलं होतं. तिथे दहाबारा मराठी कुटुंबं जमायची. दीपाला प्रतिमाकाकूंकडचं श्रीखंड आवडायचं, म्हणून गेलो. जेवणं झाल्यावर पुरुष हॉलमध्ये बसले, आम्ही बायका शेजारी डायनिंगला. चारुदत्तचा आवाज मोठा.

"पण मला सांग यार ज्ञानदेव, तू शपथ घेतली होतीस ना? मग स्ट्राइक कसला करतोस? इथे मेरिटवर चालतं सगळं. काम करा, पैसे घ्या. रेगनने बरोबर केलं. आपल्याकडे इंदिराबाईंनी असं करून दाखवावं."

ज्ञानदेव काहीतरी हळू बोलला, मला ऐकू आलं नाही.

चारुदत्त हसला. "नाही, म्हणजे तुम्हा लोकांना सगळीकडे सवलत हवी. आता इथेही रिझर्व्हेशन मागाल!"

दोघंतिघं हसले. प्रतिमाने माझ्याकडे बघितलं आणि लगेच बशीकडे बघितलं. मी उठून हॉलच्या दारात गेले. ज्ञानदेव सोफ्यावर बसला होता आणि तोही हसत होता, जसं पाहुणा यजमानाच्या विनोदाला हसतो तसं. मी म्हटलं, "चारुदत्त, हा माणूस तुमच्या डोक्यावरून सात वर्षं विमानं नेत होता. एकही पडू दिलं नाही. मेरिट आणखी कसलं असतं ते सांगा." आणि दीपाचा हात धरून बाहेर पडले. दीपा गाडीत रडत होती, "आय डिडन्ट इव्हन गेट माय श्रीखंड." ज्ञानदेव गाडी चालवताना म्हणाला, "त्याने गमतीने म्हटलं होतं." मला कळेना, मी नक्की कुणावर जास्त रागावलेय.

वेन टकर त्या उन्हाळ्यात हार्डवेअरच्या दुकानात आला. मी ज्ञानदेवला डबा द्यायला गेले होते म्हणून मी होते तिथे. वेनच्या पिकअपमध्ये गाद्या, सायकली, पाळणा असं सगळं दोरीने बांधलेलं होतं. बायको मुलांना घेऊन आधीच आर्कन्सॉला तिच्या भावाकडे गेली होती. ती त्याला परत घेईल की नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. तो फार बारीक झाला होता. ज्ञानदेव काउंटरच्या मागून बाहेर आला आणि दोघं समोरासमोर उभे राहिले.

"निघालो," वेन म्हणाला.

"पत्ता दे."

"बघू." मग जरा थांबून तो म्हणाला, "तू वाईट माणूस नाहीस, डेव्ह. मी खूप विचार केला. पण त्या हॉलमध्ये तू तोंड उघडलं नसतंस तर बरं झालं असतं."

मला नमस्कार करायला त्याने टोपीला हात लावला आणि गेला. ज्ञानदेव परत काउंटरमागे गेला आणि कुणा गिऱ्हाइकासाठी निळा रंग घोटायला लागला. रंग घोटायचं मशीन बंद झालं तरी डबा धरून उभा होता.

*

ती वर्षं गेली कशी ते सांगण्यासारखं नाही. मी थकले. ज्ञानदेवने दुकान सोडून हॉटेलच्या शटल व्हॅनवर ड्रायव्हरची नोकरी धरली, विमानतळ ते हॉटेल, हॉटेल ते विमानतळ. दर फेरीला तो त्या टॉवरखालून जायचा. मी एकदा विचारलं, त्रास होत नाही का? म्हणाला, वर बघत नाही.

त्र्याऐंशीच्या शेवटी मी एक ठरवलं. मी इतकी वर्षं ग्रीन कार्डावरच होते. नागरिकत्वाचा अर्ज केला नव्हता, कारण भारतीय पासपोर्ट सोडायला माझा जीव होत नव्हता. तो आता मी सोडला. नागपूरला फोन करून माझ्या वडिलांना, आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "म्हणजे आता तू इकडची नाहीस." मी म्हटलं, कागदावर नाही. त्यांनी कारण विचारलं. दीपाच्या शिक्षणासाठी, असं खोटं सांगितलं. खरं कारण एवढंच होतं की पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा निवडणूक होती आणि मला त्या माणसाच्या विरुद्ध मत द्यायचं होतं. माझ्या एका मताने काही होणार नाही हे मला कळत होतं. तरी द्यायचंच होतं. उजवा हात वर करून मी शपथ घेतली तेव्हा शेजारची मेक्सिकन बाई आनंदाने रडत होती. मी दात आवळून उभी होते.

त्या ऑगस्टमध्ये रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन डॅलसमध्येच भरलं. डांबर वितळेल असं ऊन. देशभरातून आलेले प्रतिनिधी विमानतळावर उतरायचे आणि ज्ञानदेव त्यांना व्हॅनमधून हॉटेलवर न्यायचा. मला वाटलं, आजारी आहे असं सांगून रजा घेईल. नाही घेतली. एका संध्याकाळी तो घरी आला तो हसतच. कितीतरी दिवसांनी मी त्याला असं पाहत होते.

"आज आयोवाचं एक म्हातारं जोडपं होतं," तो दीपाला सांगायला लागला. "ती बाई म्हणाली, लहानपणी मी रेडिओवर त्याचा आवाज ऐकायचे. मग मी त्यांना ती बेसबॉलची गोष्ट सांगितली. तुला सांगितलीय ना? तो स्टुडिओत बसून तारेवर आलेल्या बातमीवरून खेळाचं वर्णन करायचा, जसं काही समोर बघतोय. एकदा तारच तुटली. आता काय बोलणार? तर त्याने त्या खेळाडूला नुसते फाउल मारायला लावले, रेषेबाहेर, म्हणजे डाव तिथेच राहतो. एक फाउल, दुसरा फाउल, चेंडू पकडायला पोरं धावली, तार येईपर्यंत नुसती थाप! सगळी व्हॅन हसत होती. ते म्हणाले, तुम्हाला एवढं कसं माहीत? मी म्हटलं, आय अ‍ॅम अ फॅन."

"दॅट्स सो फनी, डॅड," दीपा म्हणाली.

मी कणीक मळत होते. "टॉवरचं सांगितलंस त्यांना?"

"नाही."

"का?"

"कशाला? ते पाहुणे होते."

त्याच्या शर्टाला प्रतिनिधींपैकी कुणीतरी दिलेला बिल्ला होता, त्यावर तोच हसरा चेहरा. तो त्याने काढून दीपाला दिला. तिने शाळेच्या दप्तराला लावला. तिच्या वर्गातली सगळीच मुलं लावत होती.

नोव्हेंबरात सकाळी आम्ही दोघं बरोबर मत द्यायला गेलो. शाळेच्या जिममध्ये रांग होती. मी पहिल्यांदाच मत देत होते, नागपुरातही कधी दिलं नव्हतं. मत देऊन बाहेर आले तेव्हा फार वर्षांनी मोकळं वाटत होतं. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "दिलं. त्याच्या विरुद्ध."

ज्ञानदेवने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही.

"मी त्यालाच दिलं," तो म्हणाला.

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "कुणाला?"

"त्यालाच."

"ज्ञानदेव, त्याने तुला हाकललं."

"हो."

"मी रक्ताच्या बाटल्या धुतेय सकाळपासून रात्रीपर्यंत. माझा पासपोर्ट टाकला मी या एका मतासाठी. आणि तू ते पुसून टाकलंस?"

"तुझं मत तुझं आहे. मी कुठे पुसलं?"

"का दिलंस? मला एक कारण सांग."

तो समोरच्या काचेकडे बघत होता. "ऐंशी साली मी चुकलो नव्हतो."

"चुकला होतास."

"नव्हतो."

"वेनला सांगशील हे? आर्कन्सॉला फोन लावून सांगशील?"

त्याने गाडी सुरू केली, मला हॉस्पिटलच्या दाराशी सोडलं आणि नेहमीसारखं विचारलं, किती वाजता घ्यायला येऊ. मी म्हटलं, बसने येईन. त्या दिवशी तो माणूस पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांत निवडून आला. टेक्सासात तर मतमोजणी सुरू होताच जाहीर झालं. लॅबमध्ये केक कापला. मलाही एक तुकडा दिला. खाल्ला मी.

आम्ही वेगळे झालो नाही. माझ्या मनात आलं होतं, पण दीपा बारा वर्षांची होती, आणि खरं सांगायचं तर मला त्याची कीवही यायची. त्याच्याशी राजकारणावर बोलणं मी बंद केलं. त्याला ट्रकच्या एका कंपनीत डिस्पॅचरचं काम मिळालं. कुठला ट्रक कुठल्या हायवेवर आहे ते फोनवर सांगत बसायचं. पगार बरा होता. वेनचं कधी पत्र आलं नाही. नंतर कुणाकडून तरी कळलं की बायकोने त्याला घरात घेतलं नव्हतं.

एकोणनव्वदच्या जानेवारीत नवा राष्ट्राध्यक्ष आला. रेगन कॅलिफोर्नियाला आपल्या घरी गेला. काढून टाकलेल्या कंट्रोलरांमध्ये एक आशा पसरली की आता बंदी उठेल, नवा माणूस मागचं विसरेल. ज्ञानदेव चव्वेचाळिशीला आला होता. तरी त्याने अर्ज केला. डोळे तपासून घेतले, कान तपासून घेतले, केस कापून आला. दीपा म्हणाली, "डॅड, दे वोन्ट टेक यू. इट्स बीन लाइक फॉरेव्हर." तो म्हणाला, बघू या.

महिन्याभराने नकार आला. दोन ओळींचा. बंदी कायम आहे.

मी त्याला धीर द्यायला जवळ जाऊन बसले. इतक्या वर्षांनी मला वाटलं, आता तरी आम्ही दोघं एका बाजूला आहोत, आता तरी हा एक शिवी देईल आणि मग मीही देईन आणि दोघं रडू. त्याने कागदाची घडी घातली.

"हा नवा माणूस काही कामाचा नाही," तो म्हणाला. "त्याला युनियन म्हणजे काय ते माहीतच नाही. रेगन असता ना कमला, तर त्याने परत घेतलं असतं. तेव्हा त्याच्या आजूबाजूच्या लोकांनी त्याला चुकीचं सांगितलं. त्याच्या स्वतःच्या मनात नव्हतं ते."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो थट्टा करत नव्हता. चेहरा अगदी शांत होता, चर्चच्या त्या हॉलमध्ये टाळ्या पडल्यावर होता तसा.

दीपाने तिच्या खोलीतून विचारलं, "मॉम, व्हॉट्स फॉर डिनर?"

"वरण-भात," मी म्हटलं, आणि उठून कुकर लावला.